पॉलिटिकलवाल्यांचं तुटीचं अंदाजपत्रक

मुलाला इंजिनिअरिंगला घातलं की लोक विचारतात, ‘कुठली ब्रँच?’ मेडिकलला लागला की विचारतात, ‘सरकारी की प्रायव्हेट?’ मुलानं बी.ए.ला पॉलिटिकल घेतलं की विचारतात, ‘का?’

या ‘का’चं उत्तर अमेरिकेत सरकार देतं. तिथल्या शिक्षण खात्यानं ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ नावाची सोय करून ठेवली आहे. कॉलेज निवडा, विषय निवडा, की त्या विषयाचा पदवीधर पुढे साधारण किती कमावतो आणि कॉलेजातून बाहेर पडताना त्याच्या डोक्यावर किती कर्ज असतं, याचा मधला आकडा समोर येतो. आपल्याकडे हेच काम आत्या करते. आत्याच्या पाहणीत नमुना एकाच मुलाचा असतो. तो कुणाच्या तरी जावेच्या माहेरचा असतो आणि सध्या एक तर कलेक्टर असतो, नाहीतर चहाची टपरी चालवत असतो. मधला आकडा आत्याकडे नसतो. गंमत अशी की राज्यशास्त्राच्या बाबतीत आत्या फारशी चुकत नाही. या विषयाचं उत्पन्न दोन टोकांना दिसतं आणि मधली सगळी मंडळी अजून ‘तयारी’ करत असतात.

हिशेब नीट मांडायचा तर आधी खर्चाची बाजू घेऊ. अनुदानित कॉलेजात बी.ए.ची फी वर्षाला काही हजारांत भागते. वर्गात मुलांच्या खिशातले मोबाईल त्याहून महागाचे असतात. प्रयोगशाळेचं शुल्क नाही, ॲप्रन नाही, ड्रॉइंग बोर्ड नाही. राज्यशास्त्राला लागणारी सगळी उपकरणं सरकारनं आणि सहकारानं आधीच गावात बसवून ठेवली आहेत: ग्रामपंचायत, विकास सोसायटी, दूध संघ आणि साखर कारखान्याची सर्वसाधारण सभा. तेव्हा एफ.वाय. ते टी.वाय. या काळात कर्ज असं काही होत नाही. बँकेला या मुलाचं नावही माहीत नसतं. कर्ज सुरू होतं ते पदवी हातात पडल्यावर. जगभर मुलं शिकण्यासाठी कर्ज काढतात. आमचा पॉलिटिकलवाला शिकून झाल्यावर काढतो.

पदवी घेऊन तो पुण्याला येतो. गावात पारावर सांगितलं जातं, ‘पोरगं पुण्याला कॉम्पिटिटिव्ह करतंय.’ एवढ्या एका वाक्यावर घरच्यांना गावात चार-पाच वर्षं मान वर करून फिरता येतं. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रस्ता या टापूत त्याला ‘कॉट बेसिस’वर जागा मिळते. म्हणजे खोली नाही, त्यातली खाट भाड्यानं. एका खोलीत चार खाटा, एक पंखा आणि भिंतीला भारताचा नकाशा. नकाशामागची भिंत ओलावलेली असते. पावसाळ्यात ओलीचा डाग विदर्भातून छत्तीसगडात शिरतो आणि दिवाळीपर्यंत ओडिशाचा किनारा गाठतो. तीन वर्षं राहिलेल्या मुलाला त्या डागावरून महिना सांगता येतो.

मग अभ्यासिका. इथं खुर्ची महिन्याच्या भाड्यानं मिळते. खुर्चीला नंबर, नंबराला लॉकर आणि लॉकरच्या किल्लीला डिपॉझिट. चहाला उठताना खुर्ची राखायला तिच्यावर राज्यव्यवस्थेचा लक्ष्मीकांत ठेवावा लागतो. लक्ष्मीकांत हे या टापूत लेखकाचं नाव राहिलेलं नाही. ती एक जाडी आहे. ‘किती झाला?’ असं विचारलं की मुलं दोन बोटांनी जाडी दाखवतात. सत्तेच्या खुर्चीचा अभ्यास करणाऱ्या या मुलाला आयुष्यातली पहिली खुर्ची अशी भाड्यानं मिळते आणि लक्ष्मीकांत न ठेवता उठलं, तर तीही जाते.

खाट, मेस, अभ्यासिका, झेरॉक्स आणि चहा मिळून महिन्याला आठ-दहा हजार कुठं जात नाहीत. क्लासची फी वेगळी, टेस्ट सिरीज वेगळी. राज्यशास्त्रावर कुणी कमावत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा इथं येऊन बघावं. खाटवाल्या काकू कमावतात, मेसवाले मामा कमावतात, झेरॉक्सवाला तर लोकसेवा आयोगानं अभ्यासक्रम बदलला की पेढे वाटतो. अभ्यासिकेचा मालक कमावतो, क्लासचे सर कमावतात. विषयाच्या जिवावर इतक्या लोकांची घरं चालतात. फक्त ज्यानं विषय घेतला त्याचं सोडून.

हा खर्च भागतो कसा, हे समजायला संघराज्याचा धडा उपयोगी पडतो. वडील म्हणजे केंद्र. महिन्याच्या सात तारखेला केंद्राकडून अनुदान येतं. ते किती असावं हे वित्त आयोग ठरवतो. हे काम आईकडे असतं आणि तिच्या शिफारशी नाकारण्याची केंद्राची छाती नसते. राज्य दरवर्षी विशेष दर्जा मागतं. टेस्ट सिरीज लागली की पुरवणी मागण्या जातात. नोकरीला लागलेल्या थोरल्या बहिणीचा पगार हा आकस्मिकता निधी. त्यातून आधी पैसे काढायचे आणि मंजुरी नंतर घ्यायची. दर निकालानंतर केंद्र ३५६ कलमाची धमकी देतं: ‘सामान उचल आणि गावी ये. शेतीत लक्ष घाल.’ तेव्हा मुलगा १९९४चा बोम्मई खटला काढतो. सरकारला बहुमत आहे की नाही हे सभागृहातच ठरलं पाहिजे, राज्यपालांच्या अहवालावर नाही. राज्यपाल म्हणजे अर्थातच चुलते. पुण्याला आले असताना त्यांनी याला सकाळी अकरा वाजता टपरीवर बघितलेलं असतं.

बँकेच्या कर्जाला हप्ता असतो, मुदत असते आणि शेवटी ‘नो ड्यूज’चा कागद मिळतो. या कर्जाला कागद नाही, व्याज नाही आणि मागणाराही नाही. म्हणून ते फिटतही नाही. आईच्या पाटल्या कुठल्या अटेम्प्टला गेल्या हे घरात कुणी बोलत नाही, पण पूर्वपरीक्षेचा निकाल लागला की सगळ्यांची नजर आधी तिच्या हाताकडे जाते.

आता जमेची बाजू. २०२४च्या नागरी सेवा परीक्षेला ९ लाख ९२ हजारांहून अधिक अर्ज आले. प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेला बसले ५ लाख ८३ हजार. शेवटी निवड झाली १,००९ जणांची. या १,००९ जणांपैकी जे आयएएस होतात त्यांचं मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होतं. वर भत्ते, बंगला आणि सासरा. त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्या शक्ती दुबे यांचा वैकल्पिक विषय राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा होता. बातमी आली तेव्हा घरोघरचे पॉलिटिकलवाले ताठ बसले. दुसऱ्या परिच्छेदात कळलं की बाईंचं शिक्षण जैवरसायनशास्त्राचं. २०२२ साली पहिल्या आलेल्या इशिता किशोर यांचाही वैकल्पिक विषय हाच, पदवी अर्थशास्त्राची. म्हणजे राज्यशास्त्राला भाव आहे, फक्त तो दुसरं काहीतरी शिकून आलेल्यांना मिळतो. इंजिनिअर येतो, दीड-दोन वर्षांत आमचा विषय वाचतो, पोस्ट काढतो आणि मुलाखतीत सांगतो, ‘मला हा विषय फार इंटरेस्टिंग वाटला.’ आम्ही त्याच विषयाला पाच वर्षं दिलेली असतात आणि त्यातला इंटरेस्ट वडील भरत असतात.

२०१५च्या परीक्षेत पहिल्या आलेल्या टीना डाबी यांची पदवी मात्र खरोखरच राज्यशास्त्राची होती. तेव्हापासून या एका नावावर महाराष्ट्रातल्या हजारो घरांतले वाद जिंकले गेले आहेत. आत्या ‘का?’ म्हणाली की मुलगा ‘टीना डाबी’ म्हणतो. आत्या लगेच विचारते, ‘आणि दुसरं कोण?’ इथं मुलाला फोन येतो.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. या विषयाचं प्रात्यक्षिक पुण्यात जितकं होतं तितकं दिल्लीतल्या विद्यापीठांतही होत नसेल. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढं ढकलली गेली आणि शास्त्री रस्ता पोरांनी भरून गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यसेवेची आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आली, तेव्हा पुन्हा रस्ता भरला आणि आयोगानं परीक्षा पुढं ढकलली. दबावगट, जनमत, प्रसारमाध्यमांची भूमिका, प्रशासनाचा प्रतिसाद: अख्खं प्रकरण मुलांनी रस्त्यावर बसून पूर्ण केलं. याचे मार्क कुठल्याच पेपरात धरले नाहीत.

अटेम्प्ट संपले, वय वाढलं, की दुसरी वाट प्राध्यापकीची. एम.ए. करायचं, मग नेट किंवा सेट. जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये. पॉलिटिकलवाल्याच्या आयुष्यातला हा सुवर्णकाळ. या काळात तो वडिलांना पैसे पाठवतो आणि वडील ते बँकेत वेगळे ठेवतात, कारण परत मागेल याची त्यांना खात्री असते. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. पण कायम जागेची जाहिरात निघणं हा धूमकेतूसारखा प्रकार. आजोबांनी पाहिलेला असतो. तोवर सीएचबी, म्हणजे घड्याळी तासावर. तासाचे हजारच्या आत रुपये, आठवड्याला मोजके तास, सुट्टीचे पैसे नाहीत आणि बिल निघेल तेव्हा निघेल. गोपाळ कृष्ण गोखले डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून महिना ७५ रुपयांवर वीस वर्षं काम करायला तयार झाले होते. गोखल्यांनी तो त्याग म्हणून केला. आता तो जी.आर.नं होतो.

या सीएचबीवाल्या मास्तरला टी.वाय.च्या वर्गात राज्यघटनेचा चौथा भाग शिकवताना पाहण्यासारखं असतं. कलम ३९ (घ): समान कामाला समान वेतन. शेजारच्या वर्गात कायम प्राध्यापक तोच भाग शिकवत असतात, किंवा शिकवायचे असतात. एखादं चुणचुणीत पोरगं उठून विचारतं, ‘सर, मग हे मिळालं नाही तर कोर्टात जाता येतं का?’ मास्तर खडू खाली ठेवतो. फळ्याकडे बघून सांगतो, ‘कलम ३७ बघा. मार्गदर्शक तत्त्वं थेट कोर्टातून बजावून घेता येत नाहीत.’ त्याच्या विषयातलं हे एकमेव कलम आहे, जे शिकवायला त्याला कधी नोट्स लागत नाहीत.

‘एवढं राजकारण शिकलास तर राजकारणातच का जात नाहीस?’ असं सुचवणारे भेटतात. त्यांच्या माहितीसाठी सांगतो, तिथं आमच्या विषयाला आरक्षण नाही. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण १९३८ साली इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले. सगळ्या पॉलिटिकलवाल्यांनी आपापल्या खाटेवर ज्यांचा फोटो लावावा असे ते एक. पण त्यांनीही पुढे एलएलबी करून ठेवलं. शरद पवार कॉमर्सचे, पृथ्वीराज चव्हाण इंजिनिअर, देवेंद्र फडणवीस वकिलीचे, उद्धव ठाकरे छायाचित्रकार. निवडणुकीची रणनीती आखून देणारे प्रशांत किशोर आधी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात होते. रुग्णाची नाडी बघणाऱ्याला मतदाराची नाडी कळली. आम्हाला मात्र नाडीची व्याख्या, प्रकार, वैशिष्ट्यं आणि मूल्यमापन येतं.

राजकारणात आमच्या माणसाला काम मिळत नाही असं नाही. साहेबांचं भाषण तो लिहितो. साहेब पहिलं पान वाचतात, दुसरं बाजूला ठेवतात आणि शेजारच्या तालुक्यातल्या आमदाराची नक्कल करतात, सभा जिंकतात. साहेबांचं फेसबुक तो सांभाळतो. दशक्रियेपासून दहीहंडीपर्यंत सगळीकडे साहेबांच्या वतीनं भावना व्यक्त करतो. मानधन विचारलं की साहेब खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, ‘तू घरचा आहेस.’ भारतीय राजकारणात घरच्या माणसाला पगार नसतो, तिकीट असतं. पण त्यासाठी आणखी जवळच्या घरचं असावं लागतं.

उरले ते परदेशी जाणारे. इथं मात्र खरंखुरं, शिक्क्याचं कर्ज येतं. ब्रिटनमध्ये एक वर्षाचं एम.ए., विषय आंतरराष्ट्रीय संबंध. पौंडाला शंभराच्या वर रुपये पडतात, म्हणजे फी, राहणं आणि विमान धरून तीस-चाळीस लाखांची गोष्ट. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत, त्यापुढे मागतात. मग बाप-लेक शाखेत जाऊन बसतात. वडिलांनी सातबारा, आठ-अ आणि फेरफार अशी जाडजूड पिशवी आणलेली असते.

‘शेतजमीन चालत नाही. एन.ए. आहे का?’ मॅनेजर पिशवी न उघडताच विचारतात.

‘गावातलं घर आहे साहेब.’

‘बरं. कोर्स झाल्यावर प्लेसमेंट काय?’

‘सर, थिंक टँकमध्ये जाता येतं,’ मुलगा सांगतो.

मॅनेजर चष्मा वर करतात. दुष्काळी तालुक्यात तीन वर्षं काढून आलेले असतात. ‘टँकरला देतो आम्ही कर्ज. टँकला कधी दिलेलं नाही.’

तरीही कर्ज होतं, कारण घर बँकेला आवडतं. कोर्स आणि त्यावर वर्षभर हप्ता नाही, अशी सवलत असते. मात्र त्या काळात व्याज अभ्यासाला बसलेलं असतं, आणि ते पहिल्याच अटेम्प्टला पास होतं. पुढे फेड सुरू झाली की प्राप्तिकरात आठ वर्षांपर्यंत व्याजाची वजावट मिळते. वजावट जुन्या करप्रणालीत आहे, नव्यात नाही. आमच्या पदवीधराला मात्र दोन्ही सारख्याच. कारण आधी कर लागण्याइतकं उत्पन्न असावं लागतं. २०२५च्या अर्थसंकल्पात नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं तेव्हा मध्यमवर्गानं टाळ्या वाजवल्या. आम्ही त्या मर्यादेत पदवीदानापासूनच राहत होतो.

कर्जमाफीची आशा करावी, तर तीही करून झालेली आहे, अमेरिकेत. २०२२ साली बायडन यांनी ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या लोकांचं १०,००० डॉलरपर्यंतचं आणि पेल अनुदान घेतलेल्यांचं २०,००० डॉलरपर्यंतचं सरकारी शैक्षणिक कर्ज माफ करायचं जाहीर केलं. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी ते रद्द केलं. एवढ्या पैशाचा निर्णय काँग्रेसच्या स्पष्ट परवानगीशिवाय प्रशासनाला घेता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. आता ‘सत्ताविभाजन सोदाहरण स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की तिथल्या राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यानं उत्तर लिहायची गरज नाही. हप्त्याची पावती जोडली तरी पुरे. अभ्यासक्रम आणि स्वतःचं कर्ज एकाच खटल्यात शिकायला मिळणं, ही सोय इंजिनिअरिंगला नाही.

या सगळ्या आकड्यांच्या बेरजा-वजाबाक्या करता करता एक बाब ध्यानात येते आणि माणूस पेन खाली ठेवतो. लोकसभेला उभं राहायची अनामत रक्कम २५,००० रुपये. विधानसभेची १०,०००. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली तर तीही परत. पदवीची अट नाही, पूर्वपरीक्षा नाही, निगेटिव्ह मार्किंग नाही आणि अटेम्प्टवर मर्यादा नाही. म्हणजे पेठेतल्या एका महिन्याच्या खर्चात विधानसभेला आणि तीन महिन्यांच्या खर्चात लोकसभेला उमेदवारी अर्ज भरता येतो. देश चालवण्याच्या तयारीपेक्षा देश चालवायला अर्ज करणं स्वस्त आहे, आणि हे ज्याला सगळ्यात चांगलं माहीत आहे तोच आमचा मुलगा अभ्यासिकेत खुर्चीचं भाडं भरतो. कारण परीक्षेत आपल्यासारख्याला एक तरी संधी आहे, असं त्याला अजून वाटतं. राज्यशास्त्राच्या पदवीनं दिलेली ही सगळ्यात महागडी समजूत आहे, आणि खरं सांगायचं तर लोकशाहीला ती फुकटात मिळते आहे.

हा हिशेब मराठवाड्यातल्या एका वडिलांनीही केला होता. २०२४चा ऑगस्ट. त्यांनी रात्री फोनवर लेकाला आकडे वाचून दाखवले. पाच वर्षांत इतकं गेलं, तेवढ्यात कितीदा अनामत भरून झाली असती, तेही सांगितलं. मग विचारलं, ‘आता एकदाचं सांग. यंदा परीक्षा देतो का झेडपीला उभा राहतो?’

झेडपी आणि महापालिकांच्या निवडणुका बहुतेक ठिकाणी २०२२ पासून अडकून पडलेल्या. राज्यसेवेचं तर त्याच आठवड्यात कळलेलं.

‘आप्पा,’ मुलगा म्हणाला, ‘दोन्हीच्या तारखा पुढं गेल्यात. तवर दहा हजार फोन पे करा.’